पेशी डीएनएची प्रत काढायला सुरुवात कशी करते? आधी परवाना, मग आरंभ

विचारलेला प्रश्न असा: "पुस्तकात लिहिलं आहे की हेलिकेज डीएनएचे दोन धागे सोडवतं, मग प्रायमर बसतो आणि पॉलिमरेज प्रत काढू लागतं. पण त्या हेलिकेजला तिथे आणून कोण बसवतं? कुठून आणि केव्हा सुरू करायचं हे पेशीला कसं कळतं? आणि एकदा प्रत निघालेल्या तुकड्याची त्याच फेरीत पुन्हा प्रत का निघत नाही?"

मी वीसेक वर्षं याच विषयात काम करते आहे, आधी यीस्टच्या पेशींवर आणि नंतर माणसाच्या. प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तर सलग देते.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्या पेशी ही सुरुवात एका दमात करत नाहीत. पहिल्या टप्प्यात हेलिकेज डीएनएवर चढवलं जातं, पण बंद अवस्थेत. दुसऱ्या टप्प्यात ते चालू केलं जातं. मधे कित्येक तास जाऊ शकतात. पेशीची जी अवस्था पहिल्या टप्प्याला चालते ती दुसऱ्याला चालत नाही, आणि दुसरा सुरू झाला की पहिल्याला बंदी होते. 'कुठून', 'केव्हा' आणि 'एकदाच का' या तिन्हींची उत्तरं या रचनेतून निघतात. पुस्तकातलं वर्णन बहुधा दुसऱ्या टप्प्याच्याही उत्तरार्धापासून सुरू होतं, त्यामुळे तुमचा गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे.

हे सगळं उलगडायच्या कितीतरी आधी, १९७० साली, राव आणि जॉन्सन यांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगते. त्यांनी माणसाच्या हेला पेशी घेतल्या आणि पेशीचक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांतल्या दोन-दोन पेशी एकमेकींत मिसळवल्या. म्हणजे एकाच पेशीरसात दोन केंद्रकं. जी१ मधली, म्हणजे अजून प्रत काढायला न लागलेली पेशी, एस टप्प्यातल्या, म्हणजे प्रत काढत असलेल्या पेशीशी जोडली, तर जी१ चं केंद्रक वेळेआधीच कामाला लागलं. याचा अर्थ एस टप्प्यातल्या पेशीरसात 'चला, सुरू करा' असं सांगणारं काहीतरी होतं. पण त्याच एस पेशीला जी२ मधली, म्हणजे प्रत काढून मोकळी झालेली पेशी जोडली, तर जी२ चं केंद्रक ढिम्म राहिलं. पेशीरस तोच, त्यातले संदेश तेच, कच्चा मालही तोच. तरीही त्या केंद्रकानं पुन्हा प्रत काढली नाही.

म्हणजे फरक केंद्रकाच्या आत होता. जी१ च्या केंद्रकाकडे असं काहीतरी होतं जे जी२ च्या केंद्रकानं गमावलं होतं. ते काय, हे कळायला पुढची तीसेक वर्षं लागली.

१९८८ मध्ये ब्लो आणि लास्की यांनी त्या 'काहीतरी'ला नाव दिलं. ते बेडकाच्या अंड्यांचा अर्क वापरत होते. या अर्कात केंद्रकं टाकली की परीक्षानळीत त्यांच्या डीएनएची प्रत निघते, आणि ती एकदाच निघते. प्रत काढून झालेली केंद्रकं ताज्या अर्कात हलवली तरी ती पुन्हा सुरुवात करत नाहीत. पण केंद्रकाच्या आवरणाला भोकं पाडून मग ती ताज्या अर्कात टाकली, तर दुसरी फेरी सुरू होते. त्यांनी मांडलं ते असं: प्रत काढायला एक परवाना लागतो, तो आवरण ओलांडू शकत नाही, पेशीविभाजनात आवरण विरघळतं तेव्हाच डीएनएवर बसतो, आणि वापरला की संपतो. आवरणाचा भाग पुढे सार्वत्रिक ठरला नाही, कारण यीस्टमध्ये विभाजनातही आवरण शाबूत राहतं आणि तरीही प्रत एकदाच निघते. परवान्याची कल्पना मात्र टिकली, आणि आजही आम्ही प्रयोगशाळेत 'लायसन्सिंग' हाच शब्द वापरतो.

आता थोडं जिवाणूंकडे वळू, कारण त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय आपल्या पेशींचं वेगळेपण दिसत नाही.

ई. कोलाय या जिवाणूचं गुणसूत्र गोल असतं आणि त्यात सुमारे ४६ लाख बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या, असतात. प्रत सुरू होण्याची जागा, म्हणजे ओरिजिन, त्यात एकच: ओरी-सी, जेमतेम २४५ बेसजोड्यांची. जेकब, ब्रेनर आणि कुझँ यांनी १९६३ मध्ये तर्कानं मांडलं होतं की डीएनएवर एक ठरावीक खूण असणार आणि ती ओळखणारं एक आरंभक प्रथिन असणार. जिवाणूंत ते हुबेहूब तसंच निघालं. त्या प्रथिनाचं नाव डीएनए-ए. (नावातल्या 'डीएनए'मुळे गल्लत करू नका, हे प्रथिन आहे.) एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) धरून असलेले डीएनए-एचे रेणू ओरी-सीवरच्या नऊ-नऊ अक्षरांच्या खुणांवर गोळा होतात, डीएनएला पीळ आणि ताण देतात, आणि शेजारचा ए-टी बेसांनी भरलेला कमकुवत पट्टा उघडतो. मग डीएनए-सी हे मदतनीस प्रथिन हेलिकेजची कडी (हेलिकेजचा आकार मधे भोक असलेल्या कड्यासारखा असतो) आणतं आणि सुट्या झालेल्या दोन धाग्यांवर एकेक चढवतं. तिथून दोन फोर्क, म्हणजे धागे सुटत जाऊन प्रत निघत असते त्या दोन जागा, विरुद्ध दिशांना पळतात. प्रत्येकाचा वेग सेकंदाला सुमारे १००० बेस, त्यामुळे सगळं गुणसूत्र साधारण चाळीस मिनिटांत पूर्ण होतं.

पण चांगलं पोषण मिळालं तर हाच जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. चाळीस मिनिटांचं काम वीस मिनिटांत कसं बसतं? तो पहिली फेरी संपायची वाटच बघत नाही. पहिले फोर्क अर्ध्या वाटेवर असतानाच नव्या ओरिजिनांवरून दुसरी फेरी सुरू होते. १९६८ मध्ये कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी हे गणित मांडलं. जन्माला येणारी पेशी तिच्या नातींच्या गुणसूत्राचं काम आधीच अंगावर घेऊन आलेली असते. जिवाणूला काळजी एवढीच घ्यावी लागते की एका सुरुवातीपाठोपाठ लगेच दुसरी होऊ नये. त्यासाठी सेक-ए हे प्रथिन नुकत्याच प्रत निघालेल्या ओरिजिनला काही काळ झाकून ठेवतं, आणि फोर्क चालू झाले की डीएनए-एवरच्या एटीपीचं एडीपी करून त्याला शांत केलं जातं.

इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. जिवाणू आधी डीएनए उघडतो आणि मग सुट्या धाग्यावर हेलिकेजची कडी चढवतो. कडी चढली की काम सुरूच. आपल्या पेशी, आणि यीस्टपासून झाडांपर्यंत केंद्रक असलेल्या सगळ्याच पेशी, याच्या उलट करतात. त्या हेलिकेजची कडी बंद, दुपदरी डीएनएवर चढवतात. दोन्ही धागे कड्याच्या भोकातून एकत्र जातात आणि काहीही उघडत नाही. उघडलेला डीएनए फार काळ तसा ठेवता येत नाही, तो तुटतो, त्यावर नको ती प्रथिनं बसतात. बंद डीएनएवर चढवलेलं कडं मात्र तासन्‌तास निवांत थांबू शकतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती शिकवताना सर्रास गाळली जाते.

ही कडी म्हणजे एमसीएम. सहा वेगवेगळी, पण एकमेकांच्या नात्यातली प्रथिनं मिळून एक कडं होतं: एमसीएम-२ ते एमसीएम-७. ते चढवणारे तिघे: ओआरसी, सीडीसी-६ आणि सीडीटी-१. ओआरसी हे स्वतः सहा प्रथिनांचं संकुल. १९९२ मध्ये बेल आणि स्टिलमन यांनी ते यीस्टमध्ये शोधलं. ओआरसी डीएनएला अर्धवट मिठी मारतं, सीडीसी-६ येऊन ती मिठी पूर्ण करतं. सीडीटी-१ एमसीएमचं कडं घेऊन येतं. या कड्याला एमसीएम-२ आणि एमसीएम-५ यांच्यामध्ये फट असते, त्या फटीतून डीएनए आत सरकतो, एटीपी खर्च होतं आणि फट मिटते. पाठोपाठ दुसरं कडं येतं आणि पहिल्याकडे तोंड करून बसतं. शेवटी डीएनएवर समोरासमोर चिकटलेली दोन कडी उरतात. परवाना परवाना म्हणतात तो हाच.

प्रयोगशाळेत हे बघणं फार समाधानाचं असतं. चुंबकीय मण्यांना ओरिजिनचा डीएनए जोडायचा, त्यात शुद्ध केलेली प्रथिनं आणि एटीपी टाकायचं, थोडा वेळ ठेवून मणी चुंबकानं एका बाजूला ओढून घ्यायचे आणि धुवायचे. साध्या द्रावणानं धुतलं तर जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, सगळ्यांचे पट्टे दिसतात: ओआरसी, सीडीसी-६, एमसीएम. मग दुसरी नळी अर्ध्या मोलर मिठाच्या पाण्यानं धुवायची. एवढ्या मिठात डीएनएला नुसती चिकटलेली प्रथिनं सुटतात. ओआरसीचे पट्टे जातात, सीडीसी-६ जातं, आणि एमसीएमचे सहा पट्टे तसेच राहतात. ते डीएनएला चिकटलेले नसतात, डीएनएवर ओवलेले असतात. सुईवरचा मणी जसा धुऊन निघत नाही तसं. डीएनए गोल असेल तर कडी त्यावर अडकूनच राहतात. तो कापून टोक मोकळं केलं की मिठाच्या पाण्यात घसरून निघून जातात. तिसऱ्या नळीत एटीपीऐवजी त्याचा सहजी न तुटणारा भाऊबंद टाकला, तर साध्या धुण्यात सगळे पट्टे दिसतात आणि मिठाच्या धुण्यात एकही उरत नाही. प्रथिनं जमली होती, पण ओवणं झालं नव्हतं. ओरिजिनवर प्रथिन 'दिसलं' म्हणजे परवाना मिळाला असं समजू नका, असं मी नव्या विद्यार्थ्यांना सांगते ते या तीन नळ्या दाखवूनच. २००९ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या प्रयोगांतून ही दुहेरी कडी दाखवली, तेव्हा राव-जॉन्सनच्या केंद्रकातलं 'काहीतरी' अखेर डोळ्यांना दिसलं.

आता दुसरा टप्पा. चढवलेली कडी चालू कोण करतं?

दोन कायनेज लागतात, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारी दोन प्रथिनं. एक डीडीके, दुसरं एस टप्प्यातलं सीडीके. पेशी वाढीचे संदेश मोजते, पोषण बघते, डीएनएला इजा नाही ना हे तपासते, आणि मगच सीडीकेची पातळी चढू देते. तुम्ही विचारलेल्या 'केव्हा'चं उत्तर प्रामुख्यानं इथे आहे. डीडीके एमसीएमच्या शेपट्यांवर फॉस्फेट बसवतं, त्यामुळे एसएलडी-३ हे प्रथिन सीडीसी-४५ ला घेऊन तिथे बसू शकतं. सीडीके एसएलडी-२ आणि एसएलडी-३ यांवर फॉस्फेट बसवतं, आणि ते फॉस्फेट ओळखून डीपीबी-११ दोघांना एकत्र धरतं. या घोळक्यातून जिन्स नावाचं चार प्रथिनांचं संकुल एमसीएमपर्यंत पोचतं. सीडीसी-४५, एमसीएम आणि जिन्स मिळून सीएमजी होतं, आणि खरं काम करणारं हेलिकेज म्हणजे हे सीएमजी. २००७ मध्ये यीस्टमध्ये कळलं की सीडीकेला सुरुवातीसाठी मुख्यतः या दोनच प्रथिनांवर काम करायचं असतं. ते काम दुसऱ्या मार्गानं साधलं तर या पायरीवर सीडीकेची गरजच उरत नाही. माणसात याच भूमिका ट्रेस्लिन, टॉपबीपी-१ वगैरे प्रथिनं करतात, आणि जिन्सला आणून पोचवणारं डॉनसन हे प्रथिन तर अगदी अलीकडे, २०२३ च्या आसपास, नीट उमगलं.

यानंतर जे होतं ते मला आजही थक्क करतं, म्हणून जरा सावकाश सांगते. दोन कडी समोरासमोर, एकमेकांना टेकून, दोघांच्या भोकातून तोच दुपदरी डीएनए. आता ती सुटी होतात. प्रत्येक कड्यातून एक धागा बाहेर काढला जातो आणि एकच धागा आत राहतो. पहिल्या कड्यात एक, दुसऱ्यात दुसरा. मग दोन्ही चालू लागतात. तुम्हाला वाटेल, पाठीला पाठ लावून उलट दिशांना जात असतील. तसं नाही. दोघं ज्या बाजूनं एकमेकांना टेकलेले असतात त्याच बाजूनं पुढे सरकतात. म्हणजे त्यांना एकमेकांना ओलांडूनच जावं लागतं. आणि ओलांडता येतं ते केव्हा? दोघांनीही आपापला एक धागा बाहेर सोडलेला असेल तरच. एकाच्याही भोकात दोन्ही धागे अडकून राहिले, तर दोघं एकमेकांवर अडून बसतात आणि काहीच उघडत नाही. त्यामुळे अर्धवट सुरुवात होऊ शकत नाही: एक फोर्क निघाला आणि जोडीदार मागेच राहिला, असा अपघात या रचनेतच टळतो. हे ओलांडणं एमसीएम-१० हे प्रथिन आल्यावर घडतं.

पुढचं तुमच्या पुस्तकात आहे, म्हणून थोडक्यात. पॉलिमरेजला कोऱ्या धाग्यावर सुरुवात करता येत नाही, त्याला लांबवण्यासाठी एक टोक लागतं. पॉलिमरेज-अल्फा आणि प्रायमेज यांची जोडी सुमारे दहा बेसांचा आरएनएचा तुकडा आणि त्यापुढे वीसेक बेस डीएनए असं टोक तयार करून देते. मग सलग धाग्यावर पॉलिमरेज-एप्सिलॉन आणि तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यावर पॉलिमरेज-डेल्टा काम उचलतं.

ही सगळी साखळी पुरेशी आहे का, की अजून कोणी लपून बसलं आहे? याचं उत्तर २०१५ मध्ये डिफ्ले यांच्या गटानं दिलं. यीस्टचे १६ शुद्ध घटक, मिळून ४२ प्रथिनसाखळ्या, एका नळीत एकत्र केले आणि ओरिजिनवरून डीएनएची प्रत काढून दाखवली, तीही योग्य क्रमानं आणि दोन्ही कायनेजांवर अवलंबून. यातलं एकेक प्रथिन शुद्ध करणं म्हणजे काय असतं हे ज्यानं कधी स्वतः केलं आहे त्यालाच त्या कामाचं खरं मोल कळेल.

आता 'एकदाच का?'

जी१ मध्ये सीडीकेची पातळी अगदी खाली असते, आणि तेव्हाच ओआरसी, सीडीसी-६ आणि सीडीटी-१ यांना कडी चढवता येतात. सीडीके वर आलं की ते दोन कामं एकदम करतं. चढलेल्या कड्यांना चालू करतं, आणि नवी कडी चढवण्याचे सगळे रस्ते बंद करतं. यीस्टमध्ये ते ओआरसीला फॉस्फेट लावून निष्क्रिय करतं, सीडीसी-६ चा नाश घडवून आणतं, आणि मोकळ्या एमसीएमला सीडीटी-१ सकट केंद्रकाबाहेर काढतं. तिहेरी कुलूप. २००१ मध्ये दाखवलं गेलं की तिन्ही कुलपं एकदम उघडली तेव्हाच यीस्टची पेशी त्याच फेरीत डीएनएची पुन्हा प्रत काढायला लागते. प्राण्यांच्या पेशींत भर मुख्यतः सीडीटी-१ वर असतो. जेमिनिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं, आणि शिवाय फोर्क चालू असताना सीडीटी-१ चा नाश केला जातो. पेशीविभाजन होताना जेमिनिन आणि सीडीकेला चालू ठेवणारं सायक्लिन हे प्रथिन दोन्ही नष्ट होतात, सीडीके खाली येतं, आणि परवान्यांची खिडकी पुन्हा उघडते.

ही कुलपं तुटली तर काय होतं हे मी एकदा फार जवळून पाहिलं, आणि आधी ओळखलं नाही. माणसाच्या कर्कपेशींतून आम्ही जेमिनिन कमी केलं होतं आणि दोन दिवसांनी फ्लो सायटोमीटरवर प्रत्येक पेशीतला डीएनए मोजला. आलेखात नेहमी दोन शिखरं असतात: जी१ चं, आणि त्याच्या दुप्पट अंतरावर जी२ चं. त्या दिवशी दुसऱ्या शिखराच्या उजवीकडे लांबच लांब शेपूट आली. मी ती एकमेकींना चिकटलेल्या पेशींची असणार असं धरून बाजूला टाकली. दोन पेशी चिकटून एकदम गेल्या तर डीएनए जास्त मोजला जातोच, आणि असा कचरा गाळणं हा रोजचा भाग असतो. पण चिकटलेल्या पेशी असत्या तर चौपटीवर एक ठसठशीत शिखर दिसायला हवं होतं. ही शेपूट सलग उतरत गेलेली होती. दोन आठवड्यांनी, दुसऱ्याच कारणासाठी, त्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि हात थांबला. शेजारच्या साध्या पेशींच्या मानानं कितीतरी फुगलेली केंद्रकं, प्रत्येक पेशीत एकच, आणि डीएनए तुटल्याची खूण देणारे ठिपके त्यात दाटून भरलेले. पुन:पुन्हा प्रत निघत होती. काही जागांची दोनदा, काहींची तीनदा, काहींची एकदाच, म्हणून तर आलेखात शिखराऐवजी शेपूट. मागून येणारा फोर्क पुढच्या फोर्कच्या अर्धवट कामावर आदळतो आणि डीएनए तुटतो. ती सगळी माहिती मी पहिल्याच दिवशी गाळून टाकली होती. तुम्ही कधी असा प्रयोग केलात तर शेपूट कापण्याआधी केंद्रकं डोळ्यांनी बघा.

आता 'कुठून?'

यीस्टमध्ये ओरिजिन शोधणं सोपं गेलं. १९७९ मध्येच असे तुकडे हाती लागले की जे कुठल्याही गोल डीएनएत घातले तर यीस्ट त्याची प्रत काढतं. त्या तुकड्यांत अकरा अक्षरांची एक सामायिक खूण असते आणि ओआरसी ती ओळखतं. पण तशा खुणा जीनोममध्ये, म्हणजे पेशीच्या एकूण डीएनएत, हजारोंनी सापडतात, आणि वापरात असलेली ओरिजिनं मात्र चारशेच्या आसपास. नुसतं अक्षर पुरत नाही; शेजारी डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला नसलेली मोकळी जागाही लागते.

माणसात तर तशी खूणच नाही. आमच्यापैकी अनेकांनी ती शोधण्यात वर्षं घालवली. माणसाचं ओआरसी अक्षरांबद्दल फारसं चोखंदळ नाही. मोकळा डीएनए आणि हिस्टोनांवरच्या काही रासायनिक खुणा त्याला जास्त भावतात. प्रत्येक फेरीत, प्रत्येक पेशीत, थोड्या वेगळ्या जागा निवडल्या जातात. जेकब-ब्रेनरचं सुटसुटीत चित्र डोक्यात ठेवून माणसाच्या पेशीकडे बघितलं तर हे अव्यवस्थित वाटतं. पण पेशीला ठरावीक जागांची गरज नसते, पुरेशा जागांची असते.

किती पुरेशा? एक हिशेब करून बघा. माणसाचं सगळ्यात मोठं गुणसूत्र सुमारे २४.९ कोटी बेसजोड्यांचं. आपले फोर्क जिवाणूंपेक्षा पुष्कळ सावकाश चालतात, मिनिटाला साधारण २००० बेस. बरोबर मध्यभागी एकच ओरिजिन असतं आणि दोन्ही बाजूंना फोर्क गेले असते, तर हे एक गुणसूत्र पूर्ण व्हायला ४३ दिवस लागले असते. प्रत्यक्षात पेशी सगळा जीनोम आठेक तासांत संपवते, कारण एका फेरीत ३० ते ५० हजार ओरिजिनं कामाला लागतात. तीही सगळी एकदम नाहीत. एसएलडी-३, सीडीसी-४५ यांसारखी चालू करणारी प्रथिनं मोजकीच असतात. ती आधी मोकळ्या, जनुकांनी गजबजलेल्या भागांत खर्च होतात, तिथून सुटली की पुढच्या भागांत जातात. घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचा नंबर शेवटी लागतो. आणि संख्या गरजेप्रमाणे बदलते. फळमाशीच्या अगदी कोवळ्या भ्रूणात एस टप्पा तीन-चार मिनिटांत आटोपतो. फोर्कचा वेग वाढलेला नसतो, ओरिजिनं दाटीवाटीनं सुरू झालेली असतात. त्याच माशीच्या मोठेपणीच्या पेशींना याच जीनोमसाठी कित्येक तास लागतात.

परवाने मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त दिले जातात. चढवलेल्या बहुतेक जोड्या कधी चालूच होत नाहीत. मी शिकत होते तेव्हा याला 'एमसीएमचं कोडं' म्हणत. २००६ ते २००८ या काळात ते सुटलं. संशोधकांनी पेशींतलं एमसीएम बरंच कमी केलं, तरी पेशी सुखानं वाढत राहिल्या. मग त्यांना फोर्क अडखळवणारं औषध थोडंसं दिलं, आणि त्याच पेशी कोसळल्या. कारण असं: एस टप्पा सुरू झाल्यावर नवा परवाना देता येत नाही, तशी बंदीच आहे. समोरासमोर येणारे दोन फोर्क वाटेत अडले, तर मधला डीएनए पूर्ण करायचा एकच मार्ग उरतो: तिथे आधीपासून चढवून ठेवलेली, झोपलेली एखादी जोडी जागी करणं. म्हणून पेशी जी१ मध्येच वाटेल त्या अडचणीची बेगमी करून ठेवते. दुसऱ्यांदा सुरुवात होऊ न देण्याची ही किंमत आहे, आणि ती आगाऊ भरावी लागते.

ही बेगमी तोकडी पडली तर परिणाम माणसात दिसतात. २०११ मध्ये कळलं की मायर-गोर्लिन सिंड्रोम या दुर्मिळ आजारात ओआरसीच्या काही घटकांची, सीडीसी-६ ची किंवा सीडीटी-१ ची जनुकं सदोष असतात. या मुलांची उंची फार कमी राहते, कान लहान असतात, गुडघ्याच्या वाट्या लहान किंवा नसलेल्याच असतात. प्रत काढणं पूर्ण बंद पडलं असतं तर गर्भच टिकला नसता. इथे परवाना देणं कमी पडतं आणि पेशींची एकूण संख्याच तोकडी राहते. कर्करोगात वेगळं होतं. सायक्लिन-ई सारखी प्रथिनं बेसुमार वाढली की जी१ आखूड होतो, पुरेशी कडी चढायच्या आत एस सुरू होतो, आणि काही भाग अर्धवट राहून विभाजनात तुटतात. उलट, विश्रांती घेणाऱ्या पेशींत एमसीएम जवळजवळ नसतंच, म्हणून ऊतीच्या चकतीवर एमसीएमचा रंग उमटला की रोगनिदान करणाऱ्याला कळतं की या पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत.

राहिला शेवटचा धागा. चालून पुढे गेलेल्या सीएमजीचं आणि कधीच न वापरलेल्या जोड्यांचं शेवटी काय होतं? न वापरलेल्या जोड्यांवरून शेजारचा फोर्क जातो तेव्हा त्या डीएनएवरून निघून जातात. आणि दोन फोर्क एकमेकांना भेटले की सीएमजीतल्या एमसीएम-७ वर युबिक्विटिन या खुणेच्या छोट्या प्रथिनाची साखळी लावली जाते, आणि पी-९७ हे प्रथिन सगळं संकुल ओढून सुटं करतं. म्हणजे एस टप्पा संपतो तेव्हा प्रत निघालेल्या डीएनएवर एमसीएम उरत नाही, आणि सीडीके चढलेलं असल्यामुळे नवं चढवताही येत नाही. १९७० मध्ये राव आणि जॉन्सन यांनी एस पेशीला जोडलेलं ते जी२ चं केंद्रक याच अवस्थेत होतं. 'सुरू करा' हा संदेश त्याच्यापर्यंत पोचत होता, पण चालू करायला त्याच्या डीएनएवर एकही कडं नव्हतं.